अर्धा कोयता

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की परतूर तालुक्यातल्या गावांत आणि तांड्यांवर निघायची घाई सुरू होते. ज्वारी दळून डब्यांत भरली जाते. तव्यापासून पांघरुणापर्यंतचा संसार गोण्यांत बांधला जातो. म्हातारी माणसं घर राखायला मागं राहतात. मग एके दिवशी ट्रक येतो आणि टोळी सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडं किंवा थेट कर्नाटकात बेळगाव, बागलकोटकडं निघते. मुकादमाच्या वहीत प्रत्येक जोडप्यासमोर एकच नोंद असते : एक कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणूस एकटा असेल, तर तो अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते आणि सही किंवा अंगठाही त्याचाच घेतला जातो. बाईनं किती ऊस तोडला, किती मोळ्या वाहिल्या, याचा वेगळा आकडा त्या वहीत नसतो. तिचं नावही नसतं.

2019 साली महाराष्ट्र एका बातमीनं हादरला. ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांच्या गर्भपिशव्या तिशी-पस्तिशीतच काढल्या गेल्या होत्या. बातमीच्या केंद्रस्थानी बीड जिल्हा होता. पण ऊसतोडीचा पट्टा जिल्ह्याच्या हद्दीपाशी थांबत नाही. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर हे जालना जिल्ह्यातले तालुकेही त्याच वाटेवर आहेत. ही गोष्ट एका वर्षात घडलेली नव्हती. बाईच्या शरीराकडं शेत, कारखाना, सरकार आणि दवाखाना कसे पाहत आले, याचा मोठा इतिहास तिच्यामागं आहे.

मुळात परतूरचा पत्ताच इतिहासात बदलत राहिला. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. 1900 च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग सुरू झाला, परतूर मनमाड-सिकंदराबाद वाटेवर आलं आणि इथला माल व माणसं दूरवर जाऊ लागली. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. परतूर तालुका तोवर परभणी जिल्ह्यात होता. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला, तेव्हा तो त्यात गेला. राज्य आणि जिल्हा बदलत गेले, तरी दुधना नदीकाठची शेती बरीचशी पावसाच्याच भरवशावर राहिली. पाऊस हुकला की घर सोडायचं, हे इथल्या कुटुंबांना नवीन नव्हतं.

बाईच्या शरीराचा प्रश्न मराठीत पहिल्यांदा उघडपणे विचारला गेला, तोही या भागापासून फार लांब नाही. जालना जिल्ह्याला लागूनच बुलढाणा आहे. तो वऱ्हाडचा भाग इंग्रजांच्या अमलाखाली होता. तिथल्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली पुण्यात ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक छापलं. निमित्त होतं सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्याचं. नवजात मूल मारल्याच्या आरोपावरून 1881 मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली आणि पुढं ती जन्मठेपेवर आणली गेली. वर्तमानपत्रं तिच्या पापावर लिहीत होती. ताराबाईंनी उलटा सवाल केला : विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचं नाही, तिच्या एकटेपणाचा फायदा घेणाऱ्या पुरुषाला विचारायचं नाही, मग पोटातल्या मुलाचा सगळा भार तिच्या एकटीच्या अंगावर कसा? बाईचं शरीर ही समाजानं तिच्यावर खटला चालवण्याची जागा झाली आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. तरीही ते पुस्तक विस्मरणात गेलं. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठं महाराष्ट्राला ते परत मिळालं.

ताराबाईंचं पुस्तक आलं त्याच वर्षी रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म झाला. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि 1927 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. खटले झाले, प्राध्यापकी गेली, पण त्यांनी माघार घेतली नाही. मूल केव्हा, किती, किंवा व्हावं की नाही, हे ठरवण्याचा हक्क ज्या बाईच्या पोटी ते वाढणार तिचा, हा त्यांच्या लिखाणाचा गाभा होता. स्वातंत्र्यानंतर सरकारनं कुटुंबनियोजन हाती घेतलं तेव्हा कर्व्यांचं साधन घेतलं. बाईचा निर्णय मात्र मागं राहिला. त्याचे परिणाम परतूरसारख्या तालुक्यांतल्या बायकांनी पुढं अंगावर भोगले.

त्याआधी 1972 चा दुष्काळ आला. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना आजही त्या वर्षाची सुकडी आठवते. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, पाझर तलाव, नाला बांध, रस्ते. या कामांवर बायका मोठ्या संख्येनं आल्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला पुढं 1977 मध्ये कायद्याचं रूप मिळालं. खडीच्या ढिगाशी उन्हात बसणं हे हाल होतेच. पण त्या कामावरच्या एका साध्या गोष्टीकडं लक्ष द्यायला हवं. हजेरीपटावर बाईचं स्वतःचं नाव लागत होतं. नवऱ्याइतकं काम केलं तर दर तोच होता. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं आणि घरावरही नव्हतं, तिचं नाव सरकारी कागदावर कष्टकरी म्हणून आलं.

त्याच काळात पश्चिम महाराष्ट्रात साखर वाढत होती. 1950 च्या सुमारास प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी कारखान्याची पायवाट पडली. पुढच्या दोन-तीन दशकांत कृष्णा, पंचगंगा, भीमेच्या खोऱ्यांत कारखाने उभे राहिले. पाणी तिकडं गेलं, ऊस तिकडं लागला आणि तो तोडायला हात लागले ते कोरडवाहू मराठवाड्यातले. दुष्काळानं मोडलेली मराठा, वंजारी, बंजारा, धनगर, दलित कुटुंबं दरवर्षी सहा महिने घर सोडू लागली. मजुरी बदलली तशी नोंदही बदलली. हजेरीपटावरची बाई मुकादमाच्या वहीत कोयत्याच्या दांड्याआड गेली.

कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार ठेकेदाराशी करतो, ठेकेदार मुकादमाशी, मुकादम जोडप्याशी. त्यामुळं ज्या कारखान्याची गव्हाण या हातांमुळं चालते, त्याच्या कामगारांच्या यादीत हे हात नसतात. भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा या गोष्टी तिथवर पोचतच नाहीत. उचल आधी मिळालेली असते, म्हणजे हंगाम सुरू होतानाच जोडपं कर्जात असतं. दोघांपैकी एक जण जरी फडात गेला नाही तरी तो खाडा. खाड्याला दंड असतो, अलीकडच्या वर्षांत दिवसाला पाचशे रुपयांच्या आसपास. तो उचलीत मिळवला जातो आणि कर्ज वाढतं.

या हिशेबात बाईचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत भाकरी करायच्या, पाणी आणायचं, लेकरू काखेत घेऊन फड गाठायचा. तोडलेला ऊस साळायचा, वाढ्यानं मोळी बांधायची, वीस-पंचवीस किलोंची किंवा त्याहून जड मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. कोपीला संडास नाही, न्हाणी नाही, उसाच्या पाचटाशिवाय आडोसा नाही. पाळी आली तरी तोच कपडा दिवसभर, कारण बदलायला जागा नाही आणि धुवायला पाणी नाही. बाळंत झालेली बाई काही दिवसांतच पुन्हा फडात उभी राहते.

फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मर्लो-पाँती यांनी 1945 मध्ये मांडलं, की जग आपल्याला आधी शरीरातून कळतं, विचार नंतर येतो. सिमोन द बोव्हार यांनी 1949 मध्ये ‘द सेकंड सेक्स’मध्ये दाखवलं, की बाईच्या शरीराला अर्थ देण्याचं काम समाज करतो आणि तो अर्थ तिला स्वतःचाच वाटू लागतो. पॅरिसमधली ही पुस्तकं परतूरच्या तांड्यावर कुणी वाचलेली नसतील. पण ओटीपोट दुखत असताना डोक्यावर मोळी घेऊन फळी चढणाऱ्या बाईला हे अंगानं माहीत असतं. पाळी म्हणजे खाडा, गरोदरपण म्हणजे खाडा, आजार म्हणजे खाडा. एका सुदृढ शरीरातल्या साध्या घडामोडी मुकादमाच्या वहीत दंड होऊन बसतात. मग त्या बाईला स्वतःची पिशवीच अडचण वाटू लागली, तर त्यात नवल काय?

याच दशकांत सरकारनंही तिच्या शरीराशी व्यवहार सुरू केला होता. आणीबाणीत, 1976 साली, महाराष्ट्र विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं त्याचा कायदा झाला नाही. पुरुषांच्या नसबंदीविरुद्ध उसळलेल्या संतापानंतर 1977 पासून कुटुंबनियोजनाचा सगळा भार बाईकडं सरकला. शिबिरं भरू लागली, बिनटाक्याची ऑपरेशनं होऊ लागली. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे 38 टक्क्यांची नसबंदी झालेली आढळली. नवऱ्याची नसबंदी झालेल्या जोडप्यांचं प्रमाण 0.3 टक्का होतं. त्याच पाहणीत परभणी जिल्ह्यात, जिथं परतूर 1981 पर्यंत होतं, वीस ते चोवीस वयाच्या 48 टक्के बायकांची लग्नं अठरा वर्षांच्या आत झालेली निघाली. राज्याची सरासरी 22 टक्क्यांच्या जवळ होती. ऊसतोडीत पूर्ण कोयता जोडप्याचाच होतो आणि सहा महिने मागं राहणाऱ्या वयात आलेल्या पोरीची काळजी आईबापांना असते. लवकर लग्नाच्या मागं ही दोन्ही कारणं उभी आहेत. सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत दोन-तीन बाळंतपणं, मग नसबंदी. त्यानंतर पोटात दुखलं, अंगावरून पांढरं गेलं, की एकच वाक्य ऐकू येतं : लेकरं झालीत, आता पिशवीचं काय काम?

असा विचार महाराष्ट्रात याआधीही एकदा उघडपणे झाला होता. फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छ ठेवणं अवघड जातं, हे कारण दिलं गेलं. स्त्री संघटनांनी रस्त्यावर येऊन विरोध केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. पाळी सांभाळायला माणसं, पाणी आणि जागा लागते. ते देण्याऐवजी अवयवच काढून टाकायचा, हा मार्ग तेव्हा सरकारी छताखाली निवडला गेला. ऊसतोडीच्या फडात पुढं तोच मार्ग खाजगी दवाखान्यांतून आला. पाणी, आडोसा, सुट्टी देणं कुणाच्या अंगावर नव्हतं आणि पिशवी काढणं सोपं होतं.

बाईच्या या दुखण्यांची वैद्यकशास्त्रानं दखल घेण्याचं मोठं काम महाराष्ट्रातच झालं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक अवयवांचा एखादा तरी आजार होता, दर बाईमागं सरासरी साडेतीनहून अधिक आजार. त्यातल्या जेमतेम 8 टक्के बायकांची याआधी अशी तपासणी झाली होती. जगभर तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच समजलं जात होतं. बंगांच्या अभ्यासानं ते चुकीचं ठरवलं. अंगावरून जाणं, कंबर धरणं, ओटीपोटात कळ येणं हे बायकांचे शब्द त्या अभ्यासात पुरावा ठरले. यातली बरीच दुखणी औषधांनी बरी होणारी होती. मराठवाड्यातल्या ऊसतोड बायकांना मात्र हे औषध वेळेवर मिळालं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञ नाही आणि सहा महिने फडात, जिथं दवाखाना कुठला तेही ठाऊक नाही. गावी परतल्यावर शहरातला खाजगी डॉक्टर गाठायचा. तिथं अनेकींना सांगितलं गेलं, की पिशवी नाही काढली तर कॅन्सर होईल. ती भीती पुरेशी होती. ऑपरेशनचे पैसे अनेकदा पुढच्या हंगामाच्या उचलीतून आले. म्हणजे पिशवी काढण्याची किंमत फेडायला बाई पुन्हा त्याच फडात गेली.

एप्रिल 2019 मध्ये ‘हिंदू बिझनेसलाइन’ या वृत्तपत्रात राधेश्याम जाधव यांचा बीडच्या गावांवरचा वृत्तांत आला. त्याआधीच महिला किसान अधिकार मंच या संघटनेनं ऊसतोड बायकांचे प्रश्न मांडायला सुरुवात केली होती. जूनमध्ये विधान परिषदेत प्रश्न उपस्थित झाला. तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तरात सांगितलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 99 खाजगी रुग्णालयांत 4,605 गर्भाशयं काढण्यात आली. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. सहामागं एक. 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत हेच प्रमाण 2.6 टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असल्यानं तुलना काटेकोर नाही, पण अंतर किती मोठं आहे ते लपत नाही.

हे ऑपरेशन पाळी थांबवून मोकळं होत नाही. अंडाशयंही काढली तर तिशीतच रजोनिवृत्ती येते. हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगात वाफा येतात, झोप जाते. खाडे टाळण्यासाठी पिशवी काढलेल्या बाईची कंबर आणि सांधे त्यानंतर फडात पूर्वीइतके साथ देत नाहीत. ज्या हिशेबानं ती दवाखान्यात गेली, तो हिशेबच फसतो.

समितीनंतर काही गोष्टी हलल्या. बीडमध्ये खाजगी रुग्णालयाला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. हंगामाच्या आधी आणि नंतर आरोग्य तपासणीची शिफारस झाली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ आलं. 2022 मध्ये केंद्र सरकारनं अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्व राज्यांना ती तीन महिन्यांत अंगीकारायला सांगितलं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली. पण दर वाढला तरी तो कोयत्याला मिळतो. कोयत्यातल्या बाईला तिचा वेगळा दर आजही नाही.

समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी आयुष्यभर एक गोष्ट सांगितली. बाई म्हणून सगळ्या बायका एकसारख्या नाहीत, जात आणि श्रम शरीराला वेगवेगळं घडवतात. म्हणून दलित, कष्टकरी बाईच्या अनुभवापासून विचार सुरू केला पाहिजे. पुणे विद्यापीठात विद्युत भागवत यांनी उभ्या केलेल्या स्त्री अभ्यास केंद्रानं हाच आग्रह मराठी वाचकांपर्यंत आणला. परतूरच्या वाटेवर तो नीट पटतो. मुंबईत बसून पाळीच्या रजेवर चर्चा करणाऱ्या बाईचं आणि फडातल्या बाईचं गर्भाशय शरीरशास्त्राच्या पुस्तकात एकच आहे. पण एकीला रजा मागता येते आणि दुसरीला पाचशे रुपये दंड बसतो. या फरकामुळं एकीची पिशवी शाबूत राहते आणि दुसरीची जाते. हा दोष बाईच्या अडाणीपणाचा नाही. ज्या करारात तिच्या दुखण्याला जागा नाही, त्या कराराचा हा परिणाम आहे.

म्हणूनच नुसत्या जनजागृतीनं आणि दवाखान्यावरच्या नजरेनं हा प्रश्न सुटणार नाही. उपाय नवा शोधून काढायचीही गरज नाही, कारण त्याची सुरुवात याच मातीत एकदा झाली आहे. दुष्काळात, मुळात काहीच हातात नसताना, महाराष्ट्रानं खडी फोडणाऱ्या बाईचं नाव हजेरीपटावर लिहिलं होतं. आज कारखान्यांकडं वजनकाटे आहेत, संगणक आहेत, प्रत्येक टन उसाची पावती आहे. तरीही तोडणाऱ्या बाईचं नाव नाही. कराराच्या कागदावर तिचं स्वतंत्र नाव, तिच्या खात्यात तिची मजुरी, पाळी आणि बाळंतपणाच्या दिवसांना दंडातून सूट, फडाजवळ पाणी आणि संडास, हंगामाआधी व नंतर सरकारी स्त्रीरोग तपासणी. यातलं प्रत्येक काम साखर धंद्याच्या आवाक्यातलं आहे आणि त्याची जबाबदारी कारखान्यानं घेतली पाहिजे.

पुढचा दसरा होईल, परतूर तालुक्यातून ट्रक पुन्हा निघतील. मुकादम वही उघडेल. त्या वहीत त्या बाईसाठी वेगळी ओळ असली पाहिजे आणि तिच्या सुरुवातीला तिचं स्वतःचं नाव असलं पाहिजे.